मुरायची राहिलेली कवळी

हेमलता मगदूम यांची कवळी दुसऱ्यांदा मोडली ती केळं खाताना. दाणे नव्हते, चकली नव्हती, चांगलं पिकलेलं केळं होतं. टाळूपाशी बारीक कट् असा आवाज झाला आणि वरच्या कवळीचे बरोबर मधोमध दोन तुकडे जिभेवर आले. त्यांनी ते हातात घेतले, धुतले आणि रुमालात बांधून ठेवले.

घरात तेव्हा सगळेच होते. मुलगा अभिनंदन त्याच्या खोलीत काम करत होता, सून प्राजक्ता तिच्या खोलीत. नात अन्वी कानांत गाण्याची बोंडं घालून सोफ्यावर पडली होती. पण कुणाला काही सांगावं लागलं नाही. हेमलताबाईंच्या मनगटावरच्या पट्ट्याला त्यांच्या नाडीतला धसका कळला, भिंतीवरच्या पडद्याच्या डोळ्याने रुमालातले तुकडे पाहिले, आणि भिंतीवर अक्षरं उमटली : दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊ का? हेमलताबाईंनी होकारार्थी मान हलवली. पडद्याला तेवढं पुरे होतं. अर्ध्या तासाने वाकडच्या त्यांच्या टॉवरखाली बिनड्रायव्हरची गाडी येऊन उभी राहिली.

डॉक्टर रुबीना जमादार मूळच्या मिरजेच्या. पुण्याच्या एका दंत महाविद्यालयात त्यांचा संशोधनाचा विभाग होता. हेमलताबाई जयसिंगपूरच्या, म्हणजे अगदी शेजारच्या. त्यामुळे पहिल्या भेटीतच डॉक्टर त्यांना ‘काकू’ म्हणायला लागल्या होत्या.

कवळीचा जो गुलाबी भाग हिरडीवर आणि टाळूवर बसतो, तो अ‍ॅक्रिलिक रेझिनचा असतो. पूड आणि द्रव एकत्र कालवून कणकेसारखा गोळा करायचा, तो साच्यात दाबायचा आणि मुरवायचा. मुरवायचा म्हणजे त्यातल्या सुट्या रेणूंना एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करू द्यायच्या. ही साखळी किती नीट जुळते यावर कवळीची ताकद ठरते. गरम पाण्यात सावकाश, रात्रभर मुरवलेली कवळी मजबूत होते, पण वेळ फार लागतो. घाईने उकळली तर आत बुडबुडे राहतात. मायक्रोवेव्हमध्ये काम झटपट होतं, पण जाड भागात आतली उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. नुसत्या रसायनाने, थंडच मुरवली तर बराच द्रव तसाच शिल्लक राहतो. तो हिरड्यांना झोंबतो आणि कवळी कमजोर करतो. वर्षानुवर्षं दंतवैद्यांचा वाद चालला होता तो याच पद्धतींवरून.

डॉ. जमादारांनी तो वादच बाजूला ठेवला. त्यांनी कवळी लॅबमध्ये तीन हिस्से मुरवली आणि चौथा हिस्सा तोंडासाठी राखून ठेवला. रेझिनमध्ये त्यांनी असे रेणू मिसळले, की जे ताण पडला की उघडतात आणि शेजारच्या साखळीला जाऊन जुळतात. माणूस चावेल तिथे कवळी आपोआप पक्की होणार, आणि ज्याच्या तोंडात असेल त्याच्याच तोंडासारखी बसणार. लोणचं बरणीत मुरतं, तशी ही तोंडात मुरायची. हेमलताबाईंसारख्या झिजलेल्या हिरड्यांच्या लोकांना तर ती वरदानच वाटली होती. शंभरांतल्या नव्वदांना काही तक्रार नव्हती.

डॉक्टरांनी दोन्ही तुकडे एका दिव्याखाली ठेवले आणि वर काच धरली. त्या काचेतून पाहिलं की मुरलेला भाग निळा दिसायचा आणि कच्चा राहिलेला पिवळट.

“पहिल्या वेळी मला वाटलं, माल खराब आला असेल,” त्या म्हणाल्या. “काकू, इकडे या जरा. बघा.”

हेमलताबाई वाकल्या. दोन्ही बाजूंना, दाढांखाली, कवळी गर्द निळी झाली होती. मध्ये, पुढच्या दातांमागे आणि टाळूवर, हळदीच्या पाण्यासारखा फिकट रंग होता.

“कडा टणक आणि मधला भाग कच्चा. चावताना कडा वाकत नाहीत, सगळा जोर मध्यावर येतो, म्हणून मधोमध मोडली.” डॉक्टरांनी काच खाली ठेवली. “तुम्ही घरी एकट्या असता का?”

“छे! मुलगा, सून, नात. सगळे घरातच असतात. दोघांचं कामही घरूनच चालतं.”

“हो, तेच मला आठवत होतं. म्हणून तर मी कोड्यात पडले.” त्यांनी बोट टाळूच्या तुकड्यावर ठेवलं. “हा भाग चावून मुरत नाही, काकू. त्याला जीभ लागते. ‘त’ म्हणताना, ‘न’ म्हणताना ती दातांमागे टेकते. ‘ळ’ म्हणताना वळून वर जाते. त्या बारीक टिचक्यांनीच हा भाग पक्का होतो. एकटी राहणारी माणसं असली की मला हा रंग दिसतो. त्यांची कवळी मी आता लॅबमध्येच पुरती मुरवून देते. तुमच्या हिरड्यांना तशी टणक कवळी सोसायची नाही.” मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “दिवसभरात तुम्ही किती बोलता?”

“बोलते की,” हेमलताबाई म्हणाल्या. “घर भरलेलं आहे.”

तिसरी कवळी बसवून देताना डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “रेझिनमधले ते रेणू साधारण दोन महिने जागे असतात. तेवढ्यात त्यांना काम मिळालं पाहिजे.”

गाडीत बसल्यावर आज तोंडून ‘ळ’ कितीदा गेला, ते हेमलताबाई आठवू लागल्या. एकदाही आठवेना. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, “काळं. जांभळं. बाळ. गळा.”

“पत्ता बदलायचा आहे का?” गाडीने विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

जयसिंगपूरला त्यांचा शिवणाचा क्लास होता. बाहेरच्या खोलीत ओळीने मशिनी आणि त्यांच्यावर वाकलेल्या मुली. मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवून हेमलताबाईंचा गळा मोठा झाला होता. “टीप सरळ घाल गं! गळा बघ कुठे चाललाय! काखेत ओढतंय, उसव ते.” पती बाबासाहेब चेष्टेने म्हणायचे, तुझं बोलणं स्टेशनपर्यंत ऐकू येतं. ते गेल्यावर अभिनंदन आला, घर विकलं आणि आईला पुण्याला घेऊन आला. एकुलत्या एका मुलाने दुसरं काय करायचं?

इथे त्यांना कुणी दुखावत नव्हतं. उलट, लागेल ते सगळं मागायच्या आधीच समोर येत होतं. गोळीची वेळ झाली की पट्टा थरथरायचा. चहा हवासा वाटला की पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं की झालं. सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, बाकीचे तिघं रात्री जेवायचे. त्यामुळे त्या टेबलाशी एकट्याच बसत. अभिनंदनला त्याच्या खोलीतच कळत असे, आई किती जेवली, किती चालली, किती झोपली. सगळे आकडे ठीक असत. आकडे ठीक असताना बाहेर येऊन काय विचारायचं?

तिसरी कवळी मुरवण्याची हेमलताबाईंनी खटपट केली. खोलीचं दार लावून त्या स्तोत्र मोठ्याने म्हणू लागल्या. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर प्राजक्ताचा निरोप उमटला : आई, मीटिंग चालू आहे, थोडं हळू चालेल का? खाली हसरा चेहरा होता. मग त्या गच्चीवर गेल्या. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांना म्हणाल्या, “काय मग, कसं काय?” आणि स्वतःचीच लाज वाटून खाली आल्या.

महिन्याभराने तपासणी झाली तेव्हा टाळूचा रंग तसाच पिवळट होता. रुग्णाचं वय साठीपुढे असेल तर तपासणीचं चित्र आणि त्याचा खुलासा जवळच्या नातेवाइकाकडे आपोआप जायचा. डॉक्टरांनी तसं सांगितलंही. हेमलताबाई म्हणाल्या, “नका पाठवू हो,” पण तोवर ते गेलेलं होतं.

घरी आल्या तर अभिनंदन दिवाणखान्यात उभा होता. बऱ्याच दिवसांनी त्या त्याला भर दुपारी खोलीबाहेर बघत होत्या. त्याचे केस कानांवर पिकले होते. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

“आई, आम्ही तुझ्याशी बोलत नाही, असं म्हणायचंय का त्यांना?”

“ते कवळीचं आहे नंदू. मला नाही कळत त्यातलं.”

“सगळं लिहिलंय त्यात. एकटं राहणाऱ्यांसारखा नमुना, असं लिहिलंय.” त्याचा आवाज फाटला. “तू एकटी राहतेस का? काय कमी आहे तुला इथे?”

“काही कमी नाही रे.”

“मग तू त्यांना सांगितलंस का नाही?”

“सांगितलं मी. घर भरलेलं आहे म्हणून सांगितलं.”

तो खाली बसला. प्राजक्ता दाराशी येऊन उभी होती, तिचेही डोळे भरले होते. “आई, आमच्या लक्षातच आलं नाही,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पडद्यावर एक आठवण झळकू लागली : आईशी बोलणे. तिघंही आपापल्या खोल्यांतून बाहेर यायचे आणि सोफ्यावर समोर बसायचे. काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा पडदाच प्रश्न पुरवू लागला. अन्वी ते वाचून विचारायची.

“आजी, तुमच्या लहानपणी सण कसे साजरे व्हायचे?”

“व्हायचे की. छान व्हायचे.”

“थोडं सविस्तर, आई,” अभिनंदन म्हणायचा. “त आणि ळ येऊ देत.”

मग हेमलताबाई सविस्तर सांगायच्या. पुरणपोळीचं सांगायच्या. पोळ्याच्या बैलांचं सांगायच्या. सांगता सांगता त्यांना दिसायचं, प्राजक्ता जांभई गिळतेय. अन्वीच्या केसांआड एक बोंड चालूच आहे. अभिनंदन मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. तो ऐकत नव्हता, जीभ टाळूला लागते की नाही ते तपासत होता. वेळ संपली की पडदा मंद घंटा वाजवायचा आणि तिघं उठायचे. घरात पुन्हा पंख्याचा आवाज तेवढा राहायचा. बोलणं सुरू होण्याआधी हेमलताबाईंना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला अभिनंदन मुद्दाम सोबत आला. काचेखाली टाळूवर निळसर झाक दिसत होती.

“सुधारणा आहे,” डॉ. जमादार म्हणाल्या.

अभिनंदनने सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या तोंडावरचा तो आनंद हेमलताबाईंच्या ओळखीचा होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो असाच दिसला होता. एक काम चांगल्या तऱ्हेने पार पडलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडी पुलाखाली अडकली, तेव्हा त्या म्हणाल्या, “नंदू, मी जयसिंगपूरला जाते.”

“कशाला? कुणाचं लग्न आहे?”

“राहायला जाते. एक खोली बघेन भाड्याने.”

तो हसला. मग त्यांच्याकडे नीट बघून थांबला. “एकटी? या वयात? लोक काय म्हणतील, मुलगा असताना...”

“लोकांचं सोड. तुझ्यावर माझा राग नाही. पण रोज संध्याकाळी तुम्ही तिघं माझ्यासमोर बसता ना, तेव्हा मला दवाखान्यात असल्यासारखं वाटतं. मला भेटायला आल्यासारखे बसता तुम्ही.”

“बोललो नाही तरी चुकलं, बोललो तरी चुकलं. मग करायचं तरी काय मी?”

त्या म्हणाल्या, “ते मलाही माहीत नाही रे. म्हणून तर जाते.”

पुढच्या आठवड्यात त्यानेच जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीत एक खोली शोधून दिली. निघताना हेमलताबाईंनी मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. अभिनंदनने तो उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि त्याने तो खिशात टाकला.

जयसिंगपूरला गल्ल्या होत्या तशाच होत्या, सरळ, आखीव. माणसं मात्र बदलली होती. क्लासला येणाऱ्या मुली आता आज्या झाल्या होत्या, कुणी बंगळुरूला, कुणी कॅनडात. शिंप्यांच्या ओळीत मापं घेणारी केबिन उभी होती. माणूस आत उभा राहिला की ब्लाउज दुसऱ्या दरवाज्याने शिवून बाहेर. दुधाचं यंत्र, भाजीचं यंत्र. हेमलताबाई बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायच्या, तिथे दोनचार बायका ओळख दाखवून हसायच्या आणि घाईने निघून जायच्या. काही दिवस असे गेले की पुण्यात होत होतं तेवढंही बोलणं झालं नाही. आपण चुकलो, असं त्यांना वाटू लागलं होतं. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रोज सकाळी अभिनंदनचा फोन यायचा. पहिल्यांदा तो अवघडून बोलला. आता त्याच्यापुढे आकडे नव्हते, सगळं विचारूनच घ्यावं लागत होतं.

“झोप लागली का?”

“लागली.”

“खरं सांगतेस?”

“मध्ये एकदा जाग आली. मांजर आलं होतं कौलावर.”

“कसलं मांजर?”

अशा चौकशा. पंधरा मिनिटांत संपणाऱ्या. त्यांच्यावर दिवस काढायचा म्हणजे फार होतं. तरी सकाळी फोन वाजायच्या आधी हेमलताबाई केस विंचरून बसलेल्या असायच्या.

एका सकाळी त्यांना उठवेना. अंगात ताप होता आणि तोंड आलं होतं, त्यामुळे कवळी काढून वाटीत ठेवलेली होती. फोन वाजला तेव्हा त्यांनी आवाज सावरला आणि त्या म्हणाल्या, “बरी आहे रे. नाश्ता केला. आज बसदीत जायचंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आई, तुझा स नीट येत नाहीये.”

“फोनचं असेल काहीतरी.”

“नाही. तू कवळी घातलेली नाहीस. सकाळी उठल्याबरोबर घालतेस तू, मी लहानपणापासून... नाही, लहानपणी तुझे दात होते.” तो गोंधळला. “पण तू कवळीशिवाय कधी कुणाशी बोलत नाहीस. काय झालंय?”

“काही नाही.”

“मी येतोय.”

त्या नको म्हणायच्या आत फोन बंद झाला. दुपार टळत आली तेव्हा तो दारात उभा होता. शर्ट चुरगळलेला, हातात औषधांची पिशवी. हेमलताबाईंनी घाईने पदर तोंडाला लावला.

“राहू दे, आई,” तो म्हणाला. त्याने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरत चालला होता. मग तो स्वयंपाकाच्या ओट्याशी गेला, डबे उघडून डाळ-तांदूळ शोधले आणि मुगाची खिचडी टाकली. मीठ किती टाकू, असं त्याने तीनदा विचारलं.

खिचडी पातळ झाली होती. दोघं जमिनीवर बसून जेवले. जेवण झाल्यावर तो भिंतीला टेकून बसला. हेमलताबाईंना वाटलं, आता तो मोबाइल बघेल. त्याने बघितला नाही. तो बाहेर गल्लीकडे बघत राहिला आणि मग एकदम म्हणाला,

“डॉक्टरांनी पाठवलेला टाळूचा नकाशा होता ना, आई, तो मी पुष्कळदा काढून बघतो. आत्ता गाडीतही बघत आलो.”

हेमलताबाईंनी मान वर केली.

“माझ्या तोंडात तसली कवळी असती, तर काय रंग दिसला असता, असं येतं मनात. मीटिंगमध्ये आता मी बोलत नाही. माझ्या आवाजात यंत्र बोलतं. मी बोटांनी मुद्दे देतो, ते वाक्यं करतं. लोक म्हणतात, मगदूम, छान बोलता तुम्ही.” तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. “अन्वी लिहून विचारते, मी लिहून सांगतो.”

“प्राजक्ताशी?” त्यांनी विचारलं. शब्द हवेसारखा निसटला, पण त्याला कळला.

“लिहितो आम्ही एकमेकांना.”

“एका घरात?”

“एका घरात.” त्याने गुडघे जवळ घेतले. “सकाळी तुला फोन करतो ना, ती पंधरा मिनिटं सोडली, तर मी दिवसभर मोठ्याने काही बोलतो की नाही, मला आठवत नाही. तू इथे आल्यापासून बोलतोय मी. तू तिथे होतीस तेव्हा पलीकडच्या खोलीत होतीस, तरी... मला सुचायचंच नाही काही.”

त्याचा आवाज घोगरा झाला होता. फार दिवस न वापरलेल्या मशिनीला येतो, तसा.

हेमलताबाईंना पुष्कळ सांगावंसं वाटलं. कवळी हाताशीच, पाण्याच्या वाटीत होती. ती घालून नीट बोलावं, म्हणून त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात अभिनंदनने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तो अजून काही सांगायच्या बेतात होता आणि थांबला होता. त्यांनी हात मागे घेतला.

“मग?” त्या म्हणाल्या. एवढा शब्द बिनदातांनी नीट आला.

अभिनंदनने घसा साफ केला आणि तो पुढे सांगू लागला.